परत गेलेल्यांची गणती

मंजूषा काळमेघ बस चालवता चालवता बेशुद्ध पडली नाही, हे गाडीतल्या प्रवाशांचं नशीब. अमरावतीच्या नव्या टर्मिनलात शिरून तिने गाडी चार्जिंगच्या खांबाला लावली, हँडब्रेक ओढला आणि मग स्टिअरिंगवर कोसळली. कंडक्टरने तोंडावर पाणी मारलं, कपाळाला हात लावून बघितला, तर अंग तव्यासारखं तापलेलं. त्या दिवशी पारा सत्तेचाळीसवर होता. सगळे म्हणाले, ऊन लागलं.

तिचा भाऊ प्रफुल्ल आणि वहिनी केतकी दवाखान्यात पोचले, तेव्हा मंजूला सलाइन लावलेलं होतं. गालांची हाडं वर आली होती. डॉक्टर नाझनीन रिपोर्ट बघत उभ्या होत्या. त्यांनी प्रफुल्लकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला पेशंटला काही विचारायचंय."

प्रफुल्ल बाहेर गेला. डॉक्टरांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"दिवसातून लघवीला किती वेळा जातेस?"

मंजूने आधी दाराकडे बघितलं. दार लागलंय याची खात्री करून ती म्हणाली, "सकाळी घरून निघताना जाते. मग घरी आल्यावर."

"आणि मधला अख्खा दिवस?"

"पाणीच पीत नाही न मी. पेलं तर जा लागते."

"या उन्हात बस चालवतेस आणि पाणी पीत नाहीस?"

"घसा ओला करण्यापुरतं पेते. बाकीच्या पोरी बी तसंच करून राहिल्या."

डॉक्टरांनी रिपोर्ट पलंगावर जवळजवळ आपटला. "जंतू मूत्रमार्गातून किडनीत गेलेत, आणि किडनीतून रक्तात. आणखी एक दिवस काढला असतास, तर मी तुझ्याशी बोलत नसते. या उन्हाळ्यात तुमच्या टर्मिनलातून माझ्याकडे आलेली तू पहिली नाहीस. ऊन लागलं म्हणून आणतात सगळ्यांना. उन्हाच्या माथी काय काय मारायचं?"

केतकीला बोलल्याशिवाय राहवेना. "पण मंजू, टर्मिनलात तर आपलंच प्रसाधनगृह आहे. बायकांच्या बाजूला चौदा खोल्या आहेत. मी स्वतः—"

मंजू तिच्याकडे बघतच राहिली. मग कोरड्या ओठांनी हसली. "वहिनी, तीन आहेत."

"तीन कशा असतील?"

"उद्‌घाटनाला होत्या चौदा. आता तीन आहेत. त्यातल्या एकीची कडी लागत नाही, पोरी सांगतात. गाडी सुटायच्या आत नंबर लागत नाही कोणाचा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला माहीत असंल असं वाटलं," मंजू म्हणाली. "तुम्हीच बांधलं न ते."

* * *

ते खरोखरच केतकीने बांधलं होतं. केतकी शिर्के मूळची साताऱ्याची, शिकली वास्तुशास्त्र, आणि कॉलेजात असताना तिच्या डोक्यात एक साधा हिशोब बसला होता. नाटकाच्या मध्यंतरात पुरुष जाऊन, हात धुऊन, चहा घेऊन परत येतात, तेव्हा बायका रांगेतच असतात. का? दोघांना जागा तर सारखीच दिलेली असते! सारखी जागा म्हणजे सारखी सोय नव्हे, हे उत्तर. बाईला बसावं लागतं. साडी असते, सलवार असते, कडेवर पोर असतं, खांद्यावरची पर्स टांगायला खुंटी शोधावी लागते, महिन्यातले चार दिवस वेगळे असतात. पुरुषाला लागतो त्याच्या दुप्पट वेळ तिला लागतो. शिवाय एका खोलीच्या जागेत तीन मुताऱ्या मावतात. म्हणजे कागदावर समान वाटलेली जागा प्रत्यक्षात कितीतरी विषम.

मग तिने आणि प्रफुल्लने लग्नानंतर 'समांतर' नावाची कंपनी काढली, आणि तिथे शौचालयाची सरकती भिंत जन्माला आली. एरवी शौचालय जमिनीला बांधलेलं असतं, कारण मैला उतारावरून वाहत न्यावा लागतो. नळ जिथे, भांडं तिथे. विमानात मात्र तो हवेच्या दाबाने खेचून घेतात. तसा निर्वात उपसा बसवला की नळ छतातूनही नेता येतात, भांडं भिंतीत दुमडता येतं, आणि आज जिथे कमोड आहे तिथे उद्या मुताऱ्या बाहेर काढता येतात. एक लांबलचक दालन, दोन टोकांना दोन दारं, आणि मधे रुळांवरून इकडे-तिकडे सरकणारी आडवी भिंत. बायकांची गर्दी झाली की भिंत पुरुषांकडे सरकायची, पुरुषांची झाली की बायकांकडे. दोन्हीकडे गर्दी नसेल तर दालनाचा एक तुकडा बाहेरच्या दुकानांना मोकळा करून द्यायची.

हे ठरवायचं कोणी? यंत्राने. छतात बशीएवढी रडार होती. कॅमेरा नाही, चेहरा नाही. कोण कुठल्या दारातून आत आलं आणि किती वेळ थांबलं, एवढंच तिला कळे. त्यावरून यंत्र रोज थोडं थोडं शिकत जाई. पण केतकीने त्यात आणखी एक गोष्ट घातली होती, आणि तिच्या मते सगळं शहाणपण त्या एका गोष्टीत होतं. दुकानदार नुसता विकलेला माल मोजत बसला, तर हवी ती वस्तू न मिळाल्यामुळे परत गेलेलं गिऱ्हाईक त्याला कधी कळतच नाही. म्हणून रांग बघून मागे वळणाऱ्या बायका यंत्राने वेगळ्या मोजायच्या, आणि प्रत्येक परत गेलेलीचं वजन आत गेलेलीपेक्षा जास्त धरायचं. या गणतीला ती 'परती' म्हणायची. या भिंतीला बक्षीस मिळालं तेव्हा भाषणात ती म्हणाली होती, "माणसाची गरज बदलते, मग भिंतीने का अडून बसावं?" टाळ्या पडल्या होत्या.

त्या टाळ्या आठवतच केतकी दवाखान्याच्या पायऱ्या उतरली.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच टर्मिनलात गेली.

बायकांच्या दाराबाहेर रांग होती. गाठोडं घेऊन बसलेली एक म्हातारी, गणवेशातल्या दोन शाळकरी मुली, कडेवर लेकरू घेतलेली एक बाई, एक गरोदर पोलीस शिपाई. आत खरोखर तीनच खोल्या. एकीची कडी तुटलेली, तिथे एक बाई मैत्रिणीसाठी दार धरून उभी. आणि तिसऱ्या दारापासून दोन हातांवर ती भिंत. केतकीने स्वतः निवडलेला समुद्री हिरवा रंग, वर तिच्या कंपनीचं नाव.

ती बाहेरून वळसा घालून पलीकडे गेली. पुरुषांच्या दारातून दिसत होतं तेवढ्यावरून आत मुताऱ्यांची रांग, बऱ्याचशा रिकाम्या, वर पंखे गरगरताहेत. त्यालाच लागून, मूळ आराखड्यात जिथे बाळांचे लंगोट बदलायचा ओटा होता, तिथे पाय चेपणाऱ्या खुर्च्या मांडलेल्या. एक गृहस्थ डोळे मिटून तळपाय चेपून घेत होते.

केतकी परत बायकांच्या बाजूला आली. दाराशेजारी देखभालीचं कपाट होतं, त्याची किल्ली अजून तिच्याकडे होती. तिने ते उघडून आतला पडदा चालू केला आणि उभी राहिली. पडद्यावर एक रेघ हळूहळू हलत होती: बायकांची मागणी.

बाहेर हॉर्न वाजला. "अकोट, अकोट, चला!" रांगेतल्या दोघीतिघी चुळबुळल्या. लेकरूवाली बाई मान उंच करून आत बघू लागली, मग तिने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि बसकडे पळत सुटली. तिच्यामागे म्हातारीही गाठोडं उचलून निघाली.

केतकीने पडद्याकडे बघितलं. 'परती'चा आकडा वाढायला हवा होता. तिथे शून्य होतं. दोघी गेल्या, तरी शून्य. वाढायच्या ऐवजी मागणीची रेघ खाली उतरली.

तिने स्वतः करून बघितलं. रांगेत शिरली, थोडी थांबली, मागे वळून बाहेर गेली. परती शून्य. रेघ आणखी थोडी खाली.

आणि मग तिच्या डोळ्यांदेखत भिंत सरकली.

आधी ती मंजुळ धून वाजली. लोक दचकू नयेत म्हणून केतकीनेच बसवलेली. तिसऱ्या खोलीवरचा दिवा पिवळा झाला, आतली बाई बाहेर येईपर्यंत यंत्र मोठ्या सभ्यपणे थांबलं, आणि मग भिंत रुळांवरून घरघरत आली आणि ती खोली गिळून बसली. रांगेतल्या बायकांनी काय करावं? त्यांनी आपापल्या पिशव्या उचलल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. भिंतीला वाट दिली.

"असं नेहमी होतं?" केतकीने त्या गरोदर शिपाई बाईला विचारलं.

"उन्हाळ्यात जास्त," ती म्हणाली. "बायका कमी येतात न मॅडम, म्हणून यंत्र जागा काढून घेतं. इथले साहेब सांगत होते."

केतकीला सगळं चक्र लख्ख दिसलं. रांग मोठी, म्हणून बायका परत जातात. परत गेलेल्या मोजल्या जात नाहीत, म्हणून यंत्राला वाटतं गरज कमी झाली. म्हणून ते खोली काढून घेतं. म्हणून रांग आणखी मोठी. मग बायका पाणीच सोडतात. या भिंतीने बायकांची गरज शिकलीच नव्हती. ती शिकली होती बायकांचं सोसणं. आणि जितकं त्या सोसतील तितकं ती पुढे येत होती.

पण परती बंद कशी? ती आपोआप बंद पडत नाही. ती बंद करायला दोन जणांचाच हात चालत होता, आणि त्यातला एक केतकीचा होता.

* * *

प्रफुल्ल ऑफिसात मोठ्या टेबलावर नवं मॉडेल मांडत होता. बससेवेला राज्यभरातल्या टर्मिनलांत हीच भिंत हवी होती. पुढच्या आठवड्यात बससेवेचे महाव्यवस्थापक भुयार साहेब करार करायला येणार होते.

"परती कधी बंद केलीस?" केतकीने दारातूनच विचारलं.

त्याने हातातलं चिमुकलं झाड मॉडेलवर ठेवलं. कशाबद्दल विचारतेस, असं तो म्हणाला नाही. त्यावरूनच तिला कळलं.

"बस आधी."

"कधी?"

"तू नाशिकच्या कामात होतीस तेव्हा. केतकी, ती गणती फुगत होती. बाई मैत्रिणीसाठी थांबते आणि निघून जाते, पोराला शोधायला परत फिरते, रडारला सगळ्या परत गेलेल्याच वाटतात. भिंत सतत पुरुषांकडे सरकायची. पुरुष तक्रार करायला लागले, दुकानदारांना जागा मिळेना. भुयार म्हणाले, हे बंद करा नाहीतर भिंत काढून न्या. मी तात्पुरती बंद केली."

"तात्पुरती? दोन उन्हाळे गेले!"

"कारण सगळं सुरळीत चाललं! त्यानंतर एकही तक्रार आली नाही. एकही नाही. मी दर महिन्याला विचारत होतो."

"कोणाला?"

"भुयारांना."

केतकी हसली, पण ते हसू ऐकून पलीकडच्या खोलीतल्या ड्राफ्ट्समनने मान वर केली. "पुरुषांना थांबावं लागलं की ते साहेबाच्या टेबलावर जाऊन तक्रार करतात. बाईने काय सांगावं त्या टेबलावर जाऊन? साहेब, मला लागलीय? ती बोलत नाही, ती तहान मारते. आणि तुला त्याचा अर्थ कळला 'सुरळीत'!"

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू. मला का सांगितलं नाहीस?"

"तू भांडली असतीस."

"हो! भांडले असते! त्यासाठीच सांगायचं असतं!" तिने मॉडेलमधली इवलीशी हिरवी भिंत बोटाने धरून उपटून काढली. "चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"बहिणीला भेटायला. ती आजारी का पडली, ते तिला विचार."

* * *

मंजूचा ताप उतरला होता. उशीला टेकून ती बसली होती. प्रफुल्लने येताना शहाळ्याचं पाणी आणलं होतं. ते पेल्यात ओतून त्याने तिच्यापुढे धरलं.

"डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी पीत जा. तू पण ना मंजू, स्वतःकडे लक्षच देत नाहीस. दोन-दोन लिटर पाणी प्यायला हवं रोज."

मंजूने पेला घेतला नाही. "पेते न," ती म्हणाली. "मग जाऊ कुठं?"

"म्हणजे?"

"पाणी पेलं की जा लागते, दादा. तर जाऊ कुठं? तू सांग. अंजनगावच्या वळणावर गाडी थांबवून शेतात जाऊ? कंडक्टरला सांगू, जरा तोंड फिरव? टर्मिनलात तीन खोल्या आहेत आणि माझ्याजवळ दहा मिनिटं राहतात. मी तर आता वर्षभरात तिकडे फिरकलीच नाही."

प्रफुल्लचा हात तसाच पुढे राहिला. बहिणीच्या तोंडून असलं काही त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांच्या घरात 'तिकडे जाऊन येते' एवढंसुद्धा आई पदराआडून म्हणायची. तो खिडकीकडे बघू लागला.

"सांग तिला," केतकी म्हणाली.

"केतकी, आत्ता नको."

"आत्ताच. तुझ्या तोंडाने."

त्याने सांगितलं. अडखळत, गणती आणि वजन आणि करार असले शब्द मधे मधे घालून. मंजूला त्यातलं निम्मं कळलं नसेल, पण मोजणं बंद केलं ते भावाने, हे कळलं. ती सलाइनची सुई टोचलेला हात दुसऱ्या हाताने चोळत राहिली.

"तुला मोजायला रडार लागली," ती शेवटी म्हणाली. "घरी मी होती न. दर रविवारी जेवायला येत होती. विचारायचं."

"असं कसं विचारणार, मंजू? बहिणीला असलं..."

"हेच तर!" ती ओरडली, आणि ओरडल्याने तिला खोकला आला. केतकी पुढे झाली तर तिने हाताने थांबवलं. "विचारायची लाज वाटते. भिंत सरकवायची नाही वाटत! जा तू दादा. मला तुझं नारळपाणी नको."

तो पेला टेबलावर ठेवून निघून गेला. दवाखान्यातून सुटल्यावर मंजूने भावाकडे राहायला जायचं ठरलं होतं. ती गेली नाही. ती आपल्या टर्मिनलामागच्या खोलीवर गेली आणि केतकी तिच्याबरोबर गेली, कपड्यांची एक बॅग घेऊन.

* * *

चार दिवसांनी प्रफुल्ल त्या खोलीच्या दारात आला. दाढी वाढली होती. आत न येता तो म्हणाला, "परती चालू केलीय मी. त्याच दिवशी केली. जाऊन बघ, भिंत मागे गेली."

केतकी गेली. भिंत खरंच मागे गेली होती. बायकांकडे आता सहा खोल्या होत्या, कडी दुरुस्त झाली होती, रांग जवळजवळ नव्हतीच. प्रफुल्ल तिच्याशेजारी उभा होता, आणि त्याच्या आवाजात जुनी उमेद परत आली होती.

"बघ. कोणीही परत जात नाहीये. आणि तरी सहाच लागतात, चौदा नाही. यंत्राला शिकू दे. चूक माझी होती, भिंतीची नाही. परवा भुयार येताहेत. जबाबदार वास्तुविशारद म्हणून सही तुझी लागते. तू सांगशील त्या अटी करारात घालतो."

केतकी दाराकडे बघत राहिली. अचलपूरची बस लागली होती. तिची चालक, मंजूच्याच वयाची, खाली उतरली, सावलीत उभी राहिली, ओठांवरून जीभ फिरवली, आणि प्रसाधनगृहाकडे न बघता परत गाडीत जाऊन बसली. रांग नाही हे तिला माहीतच नव्हतं. तिने बघणंच सोडलं होतं.

"ती मोजली का?" केतकीने विचारलं.

"कोण?"

"आता गाडीत चढली ती."

"ती तर आलीच नाही इकडे."

"मंजू वर्षभर आली नव्हती." केतकी त्याच्याकडे वळली. "ती परत गेलेल्यांत नव्हती, कारण परत जायला आधी यावं लागतं. दारापर्यंत जी आलीच नाही, ती कुठल्या रडारला दिसणार, प्रफुल्ल? माझीही गणती चुकीचीच होती. अर्ध्या अंधाराला मी उजेड म्हणत होते."

"मग आणखी चांगली गणती करू. बसस्थानकभर रडार लावू, तिकिटांवरून अंदाज बांधू—"

"आणि उद्या आणखी कोणी भुयार म्हणतील, आकडा फुगतोय, जरा बंद करा. आणि तुझ्यासारखा एक सज्जन माणूस एका बोटाने बंद करेल. तात्पुरती." तिचा आवाज चढला तसे बाकांवरचे लोक बघायला लागले. तिने तो उतरवला नाही. "जी भिंत सरकू शकते ती कोणीतरी सरकवणारच, आणि कुठल्या बाजूला सरकवणार ते मी बघून घेतलंय. मी सही करणार नाही. या करारावर नाही, आणि इथली जुनी सहीसुद्धा मी काढून घेतेय."

"कंपनी बुडेल. आपली कंपनी. तुझं स्वप्न होतं ते."

"तुझ्या बहिणीच्या रक्तात जंतू गेले होते," केतकी म्हणाली. "स्वप्नाचं मला सांगू नकोस."

* * *

इमारतीच्या वापराचा दाखला तिच्या सहीवर मिळालेला होता. सही गेली की दालन बंद ठेवावं लागणार, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या तरी कायमच्या आराखड्याप्रमाणे बांधावं लागणार. भुयारांनी तिला बोलावून घेतलं. मोठा माणूस, मऊ आवाज.

"मॅडम, जग पुढे चाललंय आणि तुम्ही विटांच्या भिंतीकडे निघालात? स्वतःचाच शोध मोडताय? बायका कमी येतात, हे तर आकडेच सांगताहेत."

"तुमच्या किती चालक बायका या उन्हाळ्यात दवाखान्यात गेल्या, तो आकडा आहे तुमच्याकडे?"

"त्यांना ऊन लागलं होतं."

"डॉक्टर नाझनीनना फोन लावा. लावा ना, मी थांबते. आणि तो स्पीकरवर ठेवा."

त्यांनी फोन लावला नाही. पण केतकीच्या मागे दारात मंजू उभी होती, आणि मंजूच्या मागे जिन्यापर्यंत खाकी शर्टातल्या चालक बाया. मंजूने कोणाला भाषण दिलं नव्हतं. आपल्याला काय झालं, ते तिने चार्जिंगच्या खांबाजवळ उभं राहून एकीला सांगितलं होतं, मग दुसरी म्हणाली, मला बी झालं होतं, मग तिसरी. दोन उन्हाळे ज्या गोष्टीवर एकमेकींशीही बोलल्या नव्हत्या, त्या आता मोठमोठ्याने बोलत होत्या, आणि जिन्यावरचे कारकून कानकोंडे होऊन भिंतीला चिकटले होते.

"साहेब," मंजू म्हणाली, "सोमवारपासून आम्ही पाणी पेऊन गाडी चालवू. जिथं लागंल तिथं गाडी थांबवू. मंग येळापत्रकाचं तुम्ही पाहा."

भुयारांच्या कपाळावर पहिल्यांदा आठी दिसली. वेळापत्रकाची गोष्ट त्यांना लगेच समजली. याचाच केतकीला सगळ्यात जास्त संताप आला.

* * *

भिंत विटांची झाली. चौदा खोल्या इकडे, सहा खोल्या आणि मुताऱ्या तिकडे. रूळ उखडून काढले, छतातली रडार काढली, पाय चेपायच्या खुर्च्या गेल्या आणि बाळांचा ओटा परत आला. आराखडा केतकीनेच काढला. 'समांतर' मधून ती बाहेर पडली होती. प्रफुल्लने दुसरा वास्तुविशारद शोधला आणि दुसऱ्या राज्यात भिंत विकायची खटपट चालवली, असं कानावर आलं. रविवारी तो मंजूच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा. मंजू कधी दार उघडायची, कधी नाही. केतकी त्याच्याशी बोलायची ते उभ्याउभ्याच. घरी कधी येतेस, असं त्याने एकदा विचारलं. ते अजून तिलाच ठाऊक नव्हतं.

दालन उघडल्यावर पहिले काही दिवस बायकांची बाजू ओस पडली होती. भुयारांनी त्या उघड्या दारांचे फोटो काढून केतकीला पाठवले. खाली लिहिलं होतं: 'पाहा, वाया गेलेली जागा.' तिकडे पुरुषांच्या दाराबाहेर छोटी रांग लागली होती आणि एक गृहस्थ घड्याळ बघत पुटपुटत होते, काय हा कारभार, माणसाने थांबायचं तरी किती!

फोटो आले त्याच सकाळी केतकी टर्मिनलात आली आणि बायकांच्या दाराशी येऊन उभी राहिली. सगळ्या बायांना सोय झालीय हे कळेल कसं? कोणीतरी उभं राहायला हवं होतं.

बऱ्याच वेळाने मोर्शीच्या बसमधून एक पन्नाशीची बाई उतरली. हातात जड पिशवी, चेहरा आवळलेला. दारातून तिने आत डोकावलं. दोन्हीकडे ओळीने दारं, सगळी सताड उघडी, कोरडी, स्वच्छ. ती आत गेली नाही. काहीतरी चुकत असावं तशी ती पाटी पुन्हा वाचायला बाहेर आली.

"बायकांचंच आहे न हे?"

"हो."

"मंग रांग काहून नाही?"

"लागू नये म्हणून."

बाई अजूनही घुटमळत होती. "यातल्या कोणत्या खोलीत जाऊ?"

"कोणत्याही जा."

"कोणी वरडणार तर नाही न?"

केतकीने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि पुरुषांच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोणी ओरडलंच तर मला हाक मारा. मी इथेच उभी आहे."